भातुकली, ज्ञानचौपड आणि खेळणाऱ्यांचे बोल

खेळ आणि साहित्य यांचा एकत्र विचार मराठीत क्वचितच केला जातो. खेळ हा बालसंगोपनाचा किंवा शरीरशिक्षणाचा विषय आणि साहित्य हा रसिकांचा विषय, अशी वाटणी फार पूर्वीच होऊन गेली आहे. या वाटणीत एक मोठा व्यवहार दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटतो. खेळणारी माणसे खेळाविषयी एकमेकांशी सतत बोलत असतात. कोणती चाल आधी करावी आणि कोठे फसगत होते, हे ती सांगतात. खेळताना मनाला काय वाटले, तेही सांगतात. पहिल्या प्रकाराला युक्ती म्हणता येईल, दुसऱ्याला प्रचीती. पत्ते किंवा बुद्धिबळ यांच्या बाबतीत हे बोलणे बहुधा खेळापुरते राहते. परंतु ज्या खेळाचा विषयच मनुष्याचे आयुष्य हा आहे, त्या खेळातील युक्ती ही अपरिहार्यपणे आयुष्याविषयीची काही एक समजूत असते. संगणकावरील जीवनसदृश खेळ गेल्या पाव शतकात घराघरांत पोहोचले आहेत. त्यांच्याभोवतीचे बोलणे पोरखेळ म्हणून सोडून द्यावे, की त्याकडे भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी गंभीरपणे पाहावे, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो. लखनौ शहराशी निगडित असलेला एक जुना पट या प्रश्नाच्या विचारास फार उपयोगी पडतो.

रिचर्ड जॉन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १७८० ते १७८२ या काळात लखनौच्या रेसिडेंटचा साहाय्यक होता. नवाब आसफउद्दौला यांनी १७७५ साली अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस आणली होती. चित्रकार, कवी, गवई आणि कारागीर यांना त्या नव्या राजधानीत आश्रय मिळत होता. जॉन्सनने तेथे चित्रे व हस्तलिखिते मोठ्या आस्थेने जमवली. १८०७ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, हा संग्रह कंपनीच्या लंडन येथील ग्रंथालयाने विकत घेतला आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. या संग्रहात ज्ञानचौपडीचा एक पट आहे. अँड्रू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात सापशिडीच्या भारतीय पूर्वरूपांवर विस्तृत लेख लिहिला, त्यात या पटाला महत्त्वाचे स्थान आहे. पट वैष्णव परंपरेतील असून त्याला ७२ घरे आहेत. घरांची नावे नागरी लिपीत आहेत आणि त्यांच्या सोबत ती फारसी लिपीतही दिली आहेत.

या दुसऱ्या लिपीचे महत्त्व थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. फासा टाकून सोंगटी पुढे सरकवायची, शिडी लागली तर वर चढायचे आणि साप लागला तर खाली यायचे, एवढे कळण्यास अक्षरओळखीची गरज नाही. खेळ चालवण्यासाठी जी लागत नाहीत ती नावे दोन लिपींत लिहिली गेली, याचा अर्थ नुसता खेळ चालणे पुरेसे मानले गेले नव्हते. नागरी न वाचणाऱ्यालाही आपण कोणत्या घरात उभे आहोत हे समजावे, अशी ती योजना दिसते. ७२ घरांच्या या प्रकारच्या पटांवर दया, दान, भक्ती यांच्या घरांतून शिड्या निघतात. अहंकार, कुसंगती, हिंसा यांच्या घरांत सापांची तोंडे असतात. ६८ वे घर वैकुंठाचे असते. म्हणजे पटाचे अंतिम घर हे मुक्तीचे घर नव्हे. वैकुंठ ओलांडून पुढे गेलेला खेळाडू पुन्हा घसरू शकतो. अशा पटावर युक्तीला जवळजवळ वाव नाही, कारण दान फाशाच्या स्वाधीन असते. खेळाडूंना एकमेकांना सांगण्यासारखे उरते ते घरांच्या नावांविषयीच. हाच साप येथे का आणि तो एवढा लांब का, भक्तीची शिडी इतर शिड्यांहून उंच का, हे प्रश्न पट स्वतःच विचारायला लावतो. ज्ञानचौपड ही भाष्याला निमंत्रण देणारी रचना होती आणि ते भाष्य खेळणाऱ्यांच्या तोंडून घडत होते.

महाराष्ट्रात या खेळाला मोक्षपट म्हणतात आणि परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. ही परंपरा ऐतिहासिक दृष्ट्या कितपत टिकते हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. तथापि, ती निर्माण व्हावी हेच पुष्कळ बोलके आहे. ज्याने गीता प्राकृतात उलगडली, त्याच्याच नावावर आयुष्याचा पट मांडणारा खेळ चढवावा असे मराठी मनाला वाटले. पश्चिम भारतातील १८ व्या व १९ व्या शतकांतील अशा पटांवर याकोब श्मिट-माड्सेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात २०१९ साली प्रबंध सादर केला. परदेशातील एक अभ्यासक या पटांकडे प्रबंधाचा विषय म्हणून पाहतो आणि मराठी साहित्येतिहासात मात्र त्यांना तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही, ही वस्तुस्थिती वर सांगितलेल्या वाटणीचाच परिणाम होय.

पुढे या खेळाचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. १८९० च्या दशकात तो इंग्लंडमध्ये छापला जाऊ लागला. प्रारंभी तेथेही घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे होती. ती हळूहळू गळून पडली. अनेक जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप अधिक असत, तेथे दोहोंची संख्या बरोबरीत आणण्याची रीत पडली. अखेरीस नुसते आकडे उरले आणि निनावी झालेला पट सापशिडी म्हणून भारतात परत आला. त्यानंतर या पटाविषयी बोलण्यासारखे काही राहिले नाही. आज सापशिडी खेळताना मुले ओरडतात, हसतात, रडतात. परंतु साप कशाचा, असे कोणी विचारत नाही.

अमेरिकेतही असाच एक प्रवास घडला. मिल्टन ब्रॅडली यांनी १८६० साली आयुष्यावरचा एक पट विक्रीस आणला. त्यावर आळसाच्या घरातून अप्रतिष्ठेकडे, जुगाराच्या घरातून विनाशाकडे आणि चिकाटीच्या घरातून यशाकडे वाट जात असे; सुखी वार्धक्याच्या घराला सर्वाधिक म्हणजे ५० गुण होते. फाशाचा जुगाराशी संबंध म्हणून फाशाऐवजी भोवरी वापरलेली होती. या खेळाला १०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९६० साली त्याच व्यवसायसंस्थेने नवा खेळ काढला. त्यात हारजीत ठरू लागली ती शेवटी जवळ उरलेल्या पैशावर. एका शतकात आयुष्याच्या पटावरून नीती उतरली आणि रोकड चढली.

संगणकावरील जीवनसदृश खेळ या वंशावळीतील पुढची पिढी आहे. विल राइट यांनी १९८९ साली ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ केला होता. १९९१ साली ओकलंडच्या भीषण आगीत त्यांचे घर जळाले. संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमके काय काय लागते, या विचारातून त्यांना ‘द सिम्स’ या खेळाची कल्पना सुचली. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्याला आरंभी बाहुलीघर म्हणून नाके मुरडली गेली होती. मराठी वाचकाला त्याची जात ओळखण्यास एकच शब्द पुरे आहे: भातुकली. फरक इतकाच की या भातुकलीतील माणसे खेळाडूने लक्ष दिले नाही तरी उपाशी राहतात, दमतात, भांडतात आणि मरतात. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पात्राच्या ८ गरजा मोजल्या जात: भूक, आराम, स्वच्छता, शौच, उत्साह, करमणूक, सहवास आणि सभोवतालची नीटनेटकी जागा. घरांना नावे नाहीत, साप रंगवलेले नाहीत, वैकुंठ नाही. खेळ कधी संपतही नाही.

पटावर जे लिहिलेले नाही ते खेळाडूंना बोलून भरून काढावे लागते. म्हणूनच या खेळाभोवती सल्ल्यांचे अफाट भांडार जमले. स्वयंपाक शिकल्याखेरीज चूल पेटवू नये, घराला आग लागते; नोकरीत बढती हवी असेल तर आधी कौशल्य वाढवावे आणि मित्रांची संख्या पुरी करावी; मैत्री वापरली नाही तर ती झिजते, म्हणून ठरावीक दिवसांनी बोलत राहावे; निजण्याची, जेवणाची आणि कामाची वेळ अशी बांधावी की एक घटकाही फुकट जाऊ नये. पैसा कमी पडला तर त्यावरही उपाय आहे. एक ठरावीक अक्षरसमूह टंकला की तिजोरीत आकाशातून धन पडते. या सल्ल्यांत पुष्कळसे शहाणपण आहे आणि ते बहुधा मोबदल्याची अपेक्षा न धरता दिले जाते. तरीही त्यांचा रोख लक्षात घेतला पाहिजे. मैत्री हे येथे बढतीच्या वाटेवरचे मोजमाप झाले आहे. ‘मित्र लवकर कसे करावेत’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मित्र हवे असतात ते पदोन्नतीसाठी, आणि उत्तर देणाराही ते गृहीत धरूनच उत्तर देतो. जुन्या पटाच्या भाषेत बोलायचे तर हे घर शिडीचे की सापाचे, हे कोणी विचारत नाही.

या मालिकेच्या खेळाडूंमध्ये सर्वाधिक प्रसिद्ध झालेली युक्ती तर शिडीचीच आहे. पात्र तलावात पोहण्यास उतरले की बाहेर येण्याची शिडी काढून घ्यायची. ते थकून बुडून मरते. सुरुवातीच्या आवृत्त्यांतील ही युक्ती पिढ्यानुपिढ्या हसत हसत सांगितली गेली. तिला क्रौर्य म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. भातुकलीतही बाहुल्यांची लग्ने लागतात तशा त्यांच्या माना मुरगळल्या जातात. लक्षणीय बाब ही की ती सांगताना खेळाडू ‘असे करता येते’ इथे थांबत नाहीत. कोणी ओशाळून सांगतो, कोणी त्या पात्राचे थडगे अंगणात ठेवतो, कोणी पुन्हा तसे केले नाही असे सांगतो. युक्ती जेथे संपते तेथे प्रचीती सुरू होते.

प्रचीतीचे सर्वांत चांगले उदाहरण २००९ सालचे आहे. रॉबिन बर्किनशॉ या इंग्लंडमधील खेळरचनेच्या विद्यार्थ्याने ‘द सिम्स ३’ मध्ये एक बाप आणि त्याची मुलगी घडवली. त्यांच्याजवळचा सारा पैसा काढून घेऊन त्याने त्यांना बेघर केले आणि त्यांचे काय होते याची हकीकत क्रमशः लिहिली. बाप तिरसट व विक्षिप्त, मुलगी मनाने चांगली. उपाशीपोटी शाळेत जाणारी, बाकावर निजणारी ती मुलगी पुढे काम मिळवते आणि मिळालेली कमाई दानधर्मात देऊन टाकते. ही हकीकत जगभर वाचली गेली. त्या मुलीला दुःख होत नव्हते, ती आकड्यांची जुळणी होती, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. तरीही घर नसलेल्या माणसाला स्वच्छता, झोप आणि सहवास यांपैकी एकेक गोष्ट मिळवताना दुसरी कशी गमवावी लागते, हे त्या आकड्यांनी असे उघड केले की निबंधाला ते सहसा साधत नाही. येथे दानाच्या घराला शिडी खेळरचनाकाराने लावली नव्हती; ती सांगणाऱ्याने आणि वाचणाऱ्यांनी लावली.

लखनौचे नाव आणि खेळ यांचा एकत्र उल्लेख होताच एक आक्षेप स्वाभाविकपणे पुढे येतो. प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाड़ी’ ही १९२४ सालची कथा याच शहरात घडते. १८५६ साली अवधचे राज्य खालसा होत असताना मिर्झा सज्जाद अली आणि मीर रौशन अली बुद्धिबळात गुंग आहेत. अखेर पटावरील वादातून ते एकमेकांचा जीव घेतात. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या चित्रपटात ते मरत नाहीत, नव्या इंग्रजी पद्धतीने पुन्हा डाव मांडतात; तो शेवट कदाचित अधिकच बोचरा आहे. खोट्या राजासाठी खरा राजा विसरणारे हे खेळाडू आणि खोट्या संसारात खरा संसार विसरणारा आजचा खेळाडू, यांत फरक तो काय, असे विचारले जाईल.

आक्षेप हलका नाही. परंतु कथेतील दोष खेळण्याचा आहे की खेळाविषयी बोलण्याच्या दारिद्र्याचा, हे तपासले पाहिजे. मिर्झा आणि मीर यांच्या पटावर राजा आहे, वजीर आहे, फौज आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत तेच सारे राज्यात कोसळत आहे. तरीही राज्याचा विषय निघाला तरी त्यांचे बोलणे लगेच पुन्हा पटाकडे वळते. त्यांच्या हाती युक्त्या भरपूर आहेत, प्रचीती शून्य आहे. याच लखनौचे दुसरे चित्र अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून ‘दिलगुदाज़’ मासिकात लिहिलेल्या आणि पुढे ‘गुज़िश्ता लखनऊ’ या नावाने ग्रंथरूप झालेल्या लेखमालेत आढळते. कोंबड्यांच्या झुंजी, कबुतरबाजी, पतंगबाजी यांचे उस्ताद, त्यांच्या रीती आणि शिष्यांना मिळणारे शिक्षण यांची नोंद शरर यांनी संगीत व पाककला यांच्या पंक्तीत बसवून केली. त्या खेळांची भलामण हा त्यांचा हेतू नव्हता. लयाला गेलेली एक संस्कृती आपल्या रिकाम्या वेळात काय बोलत होती, हे नोंदवून ठेवणे त्यांना आवश्यक वाटले. लखनौविषयीचे पुष्कळसे ज्ञान आज या नोंदीमुळेच हाती आहे.

आणखी एक आक्षेप अधिक निकटचा आहे. हे खेळ परक्या संसाराचे आहेत; त्यांतील घर, फर्निचर, नोकरी, मैत्री हे सारे अमेरिकी उपनगराच्या मापाने बेतलेले आहे. हे खरेच आहे. ‘द सिम्स’ मालिकेत मूळ नियमांनुसार एका कुटुंबात ८ माणसांपेक्षा अधिक माणसे राहू शकत नाहीत. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि मुले असे एकत्र कुटुंब मांडू पाहणाऱ्या भारतीय खेळाडूला नवव्या माणसासाठी शेजारचे घर बघावे लागते. नात्यांचेही तसेच. काका आणि मामा, आत्या आणि मावशी, नणंद आणि जाऊ हे भेद ज्या भाषेत संसाराचे खांब आहेत, त्या भाषेतील माणसाला हा खेळ दोन-तीन मोघम नात्यांत बसवतो. २०२१ साली या मालिकेत मुंबईच्या रस्त्यांवरील पेहरावावर आधारलेला कपड्यांचा संच आला. त्याचे स्वागतही झाले. परंतु पेहराव बदलल्याने घराची घडण बदलत नाही. ‘द सिम्स ४’ २०१४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा तो अनेक भाषांत उपलब्ध होता, त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. पात्रे स्वतः बोलतात ती तर कोणाचीच भाषा नव्हे; आवाज देणाऱ्या नटांनी उत्स्फूर्तपणे रचलेली ती निरर्थक ध्वनिमाला आहे. ती निरर्थक आहे म्हणूनच ऐकणारा आपल्या मनातील शब्द तीत घालू शकतो. प्रश्न इतकाच की तो शब्द कोणत्या भाषेतील असेल.

येथे मुद्दा भाषेच्या अभ्यासकांच्या दारात येतो. लखनौचा असो वा पुण्याचा, तरुण खेळाडू आज आपली युक्ती आणि प्रचीती सांगतो तेव्हा पुष्कळदा इंग्रजीचा आश्रय घेतो, कारण खेळाचे शब्द इंग्रजी आहेत. युक्ती परभाषेत सांगून चालते. तिचे काम झाले की ती विसरली जाते. प्रचीतीचे तसे नाही. नऊ माणसांचे घर आठांत बसवताना कोणाला बाहेर काढले आणि तेव्हा काय वाटले, हे ज्या भाषेत ते घर जगले जाते त्याच भाषेत नीट सांगता येते. ते सांगण्याची सवय मोडली तर हळूहळू जाणवण्याचीही सवय मोडेल, ही भीती अनाठायी नाही.

लखनौ आणि मराठी यांच्या संबंधात याला एक अनुकूल पूर्वोदाहरण आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांत तोंडी चालत आलेले, उस्तादांनी शिष्याला एकांतात सांगितलेले संगीतज्ञान मिळवण्यासाठी देशभर प्रवास केला. त्याचे शास्त्र मांडणारा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला आणि १९२६ साली लखनौमध्ये संगीत महाविद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. गाणाऱ्यांचे परस्परांतील बोलणे हे विद्येचे साधन आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या काळी पंडितांनाही ते बोलणे हीन वाटत असे. संगणकावरील खेळ आणि रागविद्या यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. परंतु करणाऱ्यांचे तोंडी ज्ञान आपल्या भाषेत उतरवून घेण्याची रीत मराठीला नवी नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

तेव्हा विद्यापीठांतील भाषाविभागांनी मोक्षपट व ज्ञानचौपडीचे पट साहित्याची साधने म्हणून अभ्यासावेत, त्यांवरील नावे व ओळी संपादून प्रसिद्ध कराव्यात. आणि त्याच अभ्यासाचा पुढचा भाग म्हणून आजच्या जीवनसदृश खेळांविषयीचे खेळाडूंचे बोलणे भारतीय भाषांत टिपून घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. नात्यांची, घरांची, ऋणांची आणि उपकारांची आपली नावे त्या बोलण्यात उतरली, तर खेळ परका राहिला तरी त्यावरचे भाष्य आपले होईल. जुन्या पटकर्त्याने कोणत्या घरात साप आहे हे ठरवून आणि लिहून दिले होते. आजच्या खेळात ते काम मोकळे सोडलेले आहे. युक्तीच्या भरात ते राहून गेले, तर पटावर साप नाहीतच अशी समजूत रूढ होईल, आणि ती समजूत घेऊन उठलेला खेळाडू आपल्या खऱ्या संसारात परत जाईल. म्हणून खेळणाऱ्यांचे बोल ऐकले जाणे, आणि ते त्यांच्या भाषेत बोलले जाणे, याला खेळापलीकडचे महत्त्व आहे.